रुंद टायर बसवले की गाडी वळणावर जास्त धरते का? टायरवरच्या आकड्यांचं गणित काय सांगतं

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या रस्त्यावर पोर्शे किंवा फेरारी दिसण्याची शक्यता जवळपास नाही. पण गाडीने स्पोर्ट्स कारसारखं पळावं, वळणावर रस्त्याला चिकटून राहावं, ही हौस काही मुंबई-पुण्याची मक्तेदारी नाही. बीड जिल्ह्यातल्या गावांमध्ये तरुणांची ‘स्पोर्ट्स कार’ म्हणजे बहुतेक वेळा स्विफ्ट, तीही सेकंड हँड. गाडी दारात आली की आधी सीट कव्हर, मग म्युझिक सिस्टीम आणि मग टायर. टायरच्या दुकानात मिळणारा सल्लाही साधारण ठरलेला असतो. ‘जरा मोठे टाका, दोनशे पाचचे. गाडी रोडला धरून चालेल.’

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. टायरचा साइज बदलला की गाडीचं वागणं खरोखर बदलतं. पण कोणता आकडा किती बदलला यावर ते सुधारतं की बिघडतं हे ठरतं. चुकीचा साइज बसला तर खर्च होतो, ॲव्हरेज पडतं आणि वळणावरची पकडही आधीपेक्षा कमी होऊ शकते. म्हणून हजारो रुपये मोजण्याआधी टायरच्या बाजूला लिहिलेले आकडे वाचता यायला हवेत.

१८५/६५ आर १५ ८८ एच म्हणजे नेमकं काय?

स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५ हा टायर येतो. यातला १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढचा ६५ हा मिलिमीटर नाही, ती टक्केवारी आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिन्ही आहेत. गोंधळ होतो तो यामुळेच.

त्यापुढे ८८ एच असं काही लिहिलेलं असतं. ८८ हा वजनाचा निर्देशांक आहे. याचा अर्थ एक टायर ५६० किलो पेलू शकतो. ‘एच’ ही वेगाची मर्यादा आहे, ताशी २१० किलोमीटर. ‘एस’ असेल तर १८०, ‘टी’ असेल तर १९०. आपल्याकडे हा वेग कुणी गाठत नाही, गाठूही नये. पण वजनाच्या आकड्याकडे जरूर बघावं. लग्नाला जाताना गाडीत पाच माणसं आणि डिकीत आहेराची भांडी असतात, तेव्हा हाच आकडा कामाला येतो. टायर बदलताना वजनाचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी होता कामा नये.

या आकड्यांवरून चाकाची एकूण उंची काढता येते. बाजूच्या भिंतीची उंची दुप्पट करायची (वर एक, खाली एक) आणि त्यात रिमचा व्यास मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. १८५/६५ आर १५ ची उंची येते सुमारे ६२१ मिलिमीटर. स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला येणाऱ्या १६५/८० आर १४ ची येते सुमारे ६२० मिलिमीटर. रुंदी वेगळी, रिम वेगळी, पण चाक जवळपास तेवढंच. कंपनीने हा मेळ मुद्दाम जमवलेला असतो. पुढचं सगळं गणित याच एका गोष्टीभोवती फिरतं.

रुंद टायरची पकड जास्त, हे खरं का?

गाडी रस्त्याला किती जागेत टेकते? भरलेली स्विफ्ट साधारण बाराशे किलोची धरली तर एका चाकावर तीनशे किलो येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो भरतो. तीनशेला सव्वादोनने भागलं की उत्तर येतं १३३ चौरस सेंटिमीटर. टायरची भिंतही थोडं वजन पेलते, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. तरी अंदाज येण्यासाठी सांगायचं तर पोस्टातलं साधं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचं असतं. ताशी ८० च्या वेगात अख्खी गाडी चार पोस्टकार्डांवर उभी असते.

आता टायर रुंद केला. हवा तेवढीच, वजन तेवढंच, म्हणजे टेकणारी जागाही जवळपास तेवढीच राहते. पोस्टकार्ड मोठं होत नाही, फक्त आडवं होतं. आधी ते गाडीच्या दिशेने लांबट होतं, आता लांबीला आखूड आणि रुंदीला जास्त झालं.

मग फायदा कसला? वळणावर स्टिअरिंग फिरवल्यावर रबर आधी थोडं पिळलं जातं आणि मग गाडीला बाजूला ओढतं. लांबट जागेत मागच्या टोकाचं रबर सगळ्यात जास्त पिळलं जातं आणि तेच आधी घसरायला लागतं. आडव्या जागेत हा ताण जास्त समान वाटला जातो. त्यामुळे कमी पिळात जास्त ओढ मिळते. शिवाय बाजूची भिंत आखूड असेल तर ती कमी वाकते आणि स्टिअरिंगला गाडी पटकन प्रतिसाद देते.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गप्पांमध्ये त्या एकत्र होतात. गाडी किती धरते ही एक, आणि ती किती लवकर ऐकते ही दुसरी. आखूड भिंतीच्या टायरने दुसरी गोष्ट लगेच जाणवते. चालवणाऱ्याला वाटतं पकड वाढली, प्रत्यक्षात फक्त प्रतिसाद वाढलेला असू शकतो. पकड मोठ्या प्रमाणात ठरते ती रबराच्या मिश्रणावर, टायरच्या बांधणीवर आणि हवेच्या दाबावर. चांगल्या रबराचा १८५ चा टायर स्वस्तातल्या २०५ पेक्षा ओल्या रस्त्यावर लवकर थांबू शकतो, तो यामुळेच.

मग स्पोर्ट्स कारचे टायर एवढे रुंद का?

पोर्शे ९११ च्या ९९२ पिढीतल्या साध्या कॅरेराला पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २९५/३५ झेडआर २० टायर होते. मागचे टायर पुढच्यापेक्षा सहा सेंटिमीटरने रुंद. कारण या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं आणि ताकदही मागच्याच चाकांना मिळते. वजन जिथे आणि ताकद जिथे, तिथे रबर जास्त.

स्विफ्टचं उलट आहे. इंजिन पुढे, ताकद पुढच्या चाकांना. वेगात वळण घेताना अशा गाडीची सवय असते ती स्टिअरिंग वळवूनही नाक थोडं सरळ जात राहण्याची. पोर्शेचं बघून मागे रुंद टायर घातले तर मागची पकड वाढते, पुढची तेवढीच राहते आणि नाक आणखी सरळ जातं. दिसायला गाडी दमदार, वळणावर आधीपेक्षा जड. वर एबीएससारख्या यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याचा वेग एकमेकांशी ताडून बघतात. पुढची-मागची चाकं वेगळ्या उंचीची झाली तर त्यांना मिळणारी माहितीच चुकीची होते.

स्पोर्ट्स कारच्या जगातही रुंदी म्हणजेच हँडलिंग असं कुणी मानत नाही. टोयोटाने २०१२ मध्ये बाजारात आणलेली जीटी८६ ही २०० अश्वशक्तीची, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार. तिला कंपनीने २१५/४५ आर १७ चे तुलनेने अरुंद टायर दिले. ते टायरही प्रियससारख्या इंधन वाचवणाऱ्या गाडीवर दिसणाऱ्या प्रकारातले होते. पकड मुद्दाम मर्यादित ठेवली, म्हणजे कमी वेगातही गाडीचं वागणं चालवणाऱ्याच्या हाताला कळावं. फॉर्म्युला वनमध्ये २०१७ साली टायर खूप रुंद केले गेले. २०२६ च्या नियमांत ते पुन्हा कमी केले, पुढचे २५ आणि मागचे ३० मिलिमीटरने. वजन आणि हवेचा अडथळा कमी करणं हा त्यामागचा हेतू. रुंदीची किंमत तिथेही मोजावीच लागते.

दोनशे पाचचा हिशेब

आता दुकानातल्या त्या सल्ल्याकडे येऊ. १५ इंची रिमवर २०५/६५ आर १५ टायर घातला तर काय होतं? चाकाची उंची ६४७ मिलिमीटरच्या पुढे जाते, मूळ चाकापेक्षा चार टक्क्यांहून जास्त. गाडी १३ मिलिमीटरने उचलली जाते. खराब रस्त्यावर त्याचा थोडा फायदा आहे, हे मान्य करायला हवं. पण गाडी उंच झाली की वळणावर ती जास्त झुकते. म्हणजे हँडलिंगसाठी केलेला खर्च हँडलिंगच्याच विरोधात जातो.

चाक मोठं झालं की गिअरही लांबल्यासारखे होतात. इंजिनाला तेच चाक फिरवायला जास्त जोर लागतो, पिकअप मंदावतो. काट्यावर ८० दिसत असताना गाडी आधीपेक्षा तीन-साडेतीन किलोमीटर जास्त वेगाने धावते. बहुतेक गाड्यांचे काटे मुळात थोडे जास्त दाखवतात म्हणून हे लगेच लक्षात येत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा गाडी भरलेली असताना खड्ड्यात गेल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासू शकतो, ते मात्र आवाजानेच कळतं.

रिमच्या रुंदीचा मुद्दा दुकानात क्वचितच निघतो. २०५/६५ आर १५ साठी रिम किमान साडेपाच इंच रुंद लागते. त्याहून अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर तो मधोमध फुगतो, भिंती आत ओढल्या जातात आणि वळणावर टायर रिमवर डुलतो. फुग्यावर उभं राहिल्यासारखं. मूळ १८५ त्याच रिमवर जास्त घट्ट वागला असता.

मग काय बसवावं? सगळ्यात सुरक्षित नियम म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो साइज देते तो. १६५/८० आर १४ वाल्या स्विफ्टला कंपनीच्याच मापाच्या रिमसह १८५/६५ आर १५ घातले तर चाकाची उंची दीड-दोन मिलिमीटरनेच बदलते. पण भिंत आखूड आणि टायर रुंद होतो. फरक पहिल्याच वळणावर कळतो. रिमचा खर्च टाळायचा असेल तर १४ इंचातच १८५/७० आर १४ हा पर्याय आहे. उंची पाच मिलिमीटरने, म्हणजे एक टक्क्याहून कमी घटते. भारतात आलेल्या पहिल्या स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला हाच साइज होता.

१६ इंच रिम हवीच असेल तर १९५/५५ आर १६ ची उंची बरोबर जुळते. मात्र त्याचा वजनाचा निर्देशांक अनेकदा ८७ असतो, १८५/६५ च्या ८८ पेक्षा एक पायरी खाली. तो टायरवर वाचून घ्यावा. १७ इंचाचं गणितही कागदावर जमतं. २०५/४५ आर १७ ची उंची मूळच्या एक टक्क्याच्या आतच आहे. पण कागद आणि केज तालुक्यातला रस्ता यात फरक आहे.

इथल्या रस्त्यावर काय टिकेल?

२०५/४५ च्या टायरची भिंत असते फक्त ९२ मिलिमीटरची. १६५/८० ची असते १३२. मधले हे चार सेंटिमीटर म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यातली गादी. अचानक आलेला खड्डा, रंग उडालेला गतिरोधक, साइडपट्टीची तुटलेली कड, यातल्या कशावरही आखूड भिंतीचा टायर रिम आणि दगड यांच्यात चिमटला जातो. आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. अलॉय रिम वाकली किंवा तडकली तर तो खर्च वेगळा.

शिवाय या भागातला रस्ता वर्षभर एकसारखा नसतो. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरीवर येतात आणि काळ्या मातीचे गोळे रस्त्यावर पडतात. वाळले की धूळ, पाणी पडलं की साबण. बारीक धुळीच्या थरावर टायर कितीही रुंद असला तरी रबर डांबराला भिडतच नाही.

पावसात तर रुंदी उलटी पडू शकते. टायरसमोर साचलेलं पाणी खाचांमधून बाहेर फेकलं गेलं नाही, तर चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही नावालाच उरतात. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. १९६३ मध्ये नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवरून एक ढोबळ सूत्र मांडलं होतं. त्यानुसार चाक कधी तरंगेल हे हवेच्या दाबावरही ठरतं. त्या सूत्राने ३२ पीएसआयला साधारण ताशी ९४ किलोमीटरचा वेग येतो, तर २२ पीएसआयला ७८ चा. कारच्या टायरची नक्षी आणि झीज यांनी हे आकडे वरखाली होतात, पण दिशा तीच राहते. हवा कमी असेल तर संकट लवकर येतं.

याला जोडून एक समज सांगायलाच हवा. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची, असं अनेक जण करतात. बीडचा उन्हाळा चाळिशी पार करतो, त्यामुळे भीती समजण्यासारखी आहे. पण हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि या वाकण्यानेच टायर आतून तापतो. लांबच्या, वेगाच्या प्रवासात, उदाहरणार्थ ताशी १२० ची मर्यादा असलेल्या समृद्धी महामार्गावर, कमी हवेचा टायर जास्त धोक्याचा ठरतो. कंपनीने सांगितलेली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेली असते. ती टायर थंड असताना भरायची असते, पन्नास किलोमीटर चालवून आल्यावर नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, ही भूमिका स्पष्ट केली. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या साइजमध्ये राहिलं तर हा प्रश्नच उरत नाही. मडगार्डच्या बाहेर डोकावणारे टायर आणि चाक बाहेर काढायला लावलेले स्पेसर मात्र रस्त्यावर पोलिसांच्या नजरेत येतात आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्याही. टायर किती घासलेला चालतो, याचाही नियम आहे. कारच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.

साइज न बदलताही गाडी सुधारते

ज्यांची गाडी ‘रोडला धरत नाही’ त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं साइज हे नसतंच. रबर जुनं आणि कडक झालेलं असतं, अलाइनमेंट बिघडलेलं असतं किंवा चार चाकांत चार वेगळ्या दाबाची हवा असते. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. सेकंड हँड गाडी घेताना नक्षी छान दिसते, पण शिक्का सात-आठ वर्षांपूर्वीचा निघतो, असं होऊ शकतं. असा टायर ओल्या रस्त्यावर काय करेल ते नक्षीवरून कळत नाही.

नवे घेताना ओल्या रस्त्यावरच्या पकडीबद्दल विचारायला हरकत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये टायरच्या ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी, फिरण्यातल्या अडथळ्यासाठी आणि आवाजासाठी मानकं अधिसूचित केली आहेत.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे पुढे घालायची पद्धत आहे, कारण पुढचे जास्त झिजतात. टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे. नवे मागे घाला. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, चालवणाऱ्याला ते जाणवतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

साइज बदलायचं ठरलंच तर स्टेपनीही मोजून घ्यावी. १५ इंची अलॉयच्या अनेक गाड्यांमध्ये स्टेपनी १४ इंची लोखंडी रिमवरच येते. १८५/६५ आर १५ सोबत १६५/८० आर १४ ची स्टेपनी चालून जाते, कारण दोन्हींच्या उंचीत दोन मिलिमीटरचाही फरक नाही. बाकी तीन चाकांवर २०५/६५ असतील तर हीच स्टेपनी पावणेतीन सेंटिमीटरने बुटकी ठरते. रात्री पंक्चर झालं आणि ती पुढच्या चाकाला लावावी लागली तर गाडी एका बाजूला ओढते, एबीएसचा दिवा लागू शकतो, आणि पंक्चरवाल्याचं दुकान येईपर्यंत हळूच चालवत न्यावं लागतं.